पत्रातून गाळलेली शेळी

कथा चांगली कशी लिहावी, असं नवी मुलं विचारतात तेव्हा मला एका जागी बसवत नाही. मला ते ज्या घराकडून कळलं, त्या घराचं माझ्यामुळं नुकसान झालं होतं.

बहात्तरच्या दुष्काळात मी परंड्याकडच्या वाशीजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो. शाळा सुटली की कथा लिहायचो, पुण्याच्या मासिकांना पाठवायचो आणि त्या परत यायच्या. पोस्टमन वळणावर दिसला की मी हातातलं काम टाकून बाहेर यायचो.

शेजारी एक वहिनी राहायच्या. त्यांचे मालक लांबच्या एका सहकारी साखर कारखान्यावर हंगामी कामाला होते. वहिनी पाझर तलावाच्या कामावर माती टाकायला जायच्या, मुलगी माझ्याकडं दुसरीत होती. मालकांना पत्र लिहायचं म्हणून त्या एके दिवशी आल्या. शेळी व्याली, दोन करडं झाली. पोरीच्या पायात काटा गेला होता, काढला. तुमची गोधडी घडी घालून ठेवलीय, वापरत न्हाय. एवढंच सांगून त्या घाईत निघून गेल्या.

मला ते फार कोरडं वाटलं. त्याच दिवशी एक कथा परत आली होती, हात शिवशिवत होते. मी लिहिलं, ‘काळाने आपल्या उंबऱ्यात पाऊल टाकले आहे. लेकीचे कोवळे पाऊल रक्तबंबाळ पाहून या मातेचे काळीज फाटले. आता सारे संपले असे वाटते.’ शेळी गाळली. गोधडीही गाळली. वहिनींना वाचून न दाखवता पत्र पेटीत टाकलं, आणि मनात म्हटलं, हे मासिकाला पाठवायला हवं होतं.

आठव्या दिवशी दुपारी मी पाढे घेत होतो. दारात एक माणूस येऊन उभा राहिला. अंगावर धूळ, हातात पिशवी. शेजारचेच मालक. कुर्डुवाडीहून परंड्यापर्यंत एसटीनं आले होते आणि पुढं मिळेल त्या गाडीनं, काही वाट पायी. घरी जायचा धीर होईना म्हणून आधी शाळेत आले होते.

“गुरुजी,” ते म्हणाले, “माझी पोरगी कुठंय?”

पोरगी दुसऱ्या ओळीत बसली होती. बापाला बघून ती उठली आणि पाटी घेऊनच त्यांच्याकडं गेली. ते पायरीवर खाली बसले.

संध्याकाळी त्यांनी मला घरी बोलावलं. खिशातून पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि वाचा म्हणाले. स्वतःची वाक्यं मी त्या दोघांसमोर, कागदावरून मान वर न करता, वाचली. वहिनी शेवटपर्यंत ऐकत होत्या.

“ह्यात म्या कुठं हाय?” त्या म्हणाल्या. मग थांबून, “शेळी व्यालेलीबी न्हाय लिवली?”

हंगामाच्या मध्यात न सांगता निघून आल्यामुळं कारखान्यातली त्यांची जागा गेली. मी स्वतः तिथं जाऊन मुकादमाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पण दुसरा माणूस लागला होता. त्या उन्हाळ्यात मालकही तलावाच्या कामावर होते. सकाळी ते दोघं घमेली घेऊन निघाले की मी घरात थांबायचो, ते वळणाआड गेल्यावर बाहेर पडायचो. महिनाभर कागदाला हात लावला नाही.

मग वहिनीच आल्या. भावाला पत्र घालायचं होतं. “ह्या येळेला म्या सांगते तेवढंच लिवा,” त्या म्हणाल्या, “आन् लगेच वाचून दाखवा.”

भावाला कशाची काळजी असेल ते त्यांनी आधी सांगितलं. आईची; ती तेव्हा वहिनींकडंच राहायला होती. मी लिहिलं, आई आजारी आहे. वाचून दाखवल्यावर त्यांनी मान हलवली.

“आजारी न्हाय. अर्धी भाकर ताटात ठेवती, असं लिवा.”

मी ते वाक्य खोडलं. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक पत्रात असंच चाललं. मी मोठा शब्द घातला की त्या थांबवायच्या आणि आईनं, पोरीनं नेमकं काय केलं ते सांगायच्या. घरी येऊन मी माझ्या परत आलेल्या कथा काढल्या. त्यांत कुणी जेवत नव्हतं, कुणाचे पाय दुखत नव्हते, काळीज मात्र पानोपानी फाटत होतं. ती सगळी वाक्यं काढल्यावर काही कथांची दोन पानंसुद्धा उरली नाहीत. उरलेलं मी शाळेच्या वाटेवर मोठ्यानं म्हणत चालायचो. ज्याची गोष्ट आहे त्याच्या तोंडाकडं बघून जे वाक्य म्हणवणार नाही, ते काढायचं. मुलांना मी हेच सांगतो, त्यापलीकडं मला फारसं काही येत नाही.

दोन वर्षांनी पहिली कथा छापून आली. त्याआधी, दुष्काळानंतरच्या हंगामातच, मालकांनाही कारखान्यात पुन्हा घेतलं होतं, पण जुन्या जागेवर नाही, उसाच्या गव्हाणीवर, म्हणजे ऊस आत नेणाऱ्या पट्ट्यावर मोळ्या लोटायला. ते काम जास्त कष्टाचं. वहिनींची पत्रं मीच लिहीत राहिलो. माझ्या अक्षरातलं पत्र आलं की मालक ते खात्रीसाठी दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतात, असं वहिनी एकदा सहज बोलून गेल्या. त्या दिवशी मला काही लिहिता आलं नाही.