ताईंचं डायनिंग टेबलावरचं ऑफिस

नोकरी गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला कामावर हजर झालेली व्यक्ती अख्ख्या पुण्यात एकच निघेल, आणि ती म्हणजे आमच्या थोरल्या नणंदबाई. एकवीस वर्षं त्यांनी एका कारखान्यात गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी केली. कारखाना परराज्यात हलला आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी ताई घरी आल्या. घरी म्हणजे कोथरूडला, आमच्याकडेच. त्या आणि सासूबाई पहिल्यापासून आमच्याबरोबर राहतात. त्या सोमवारी मी पोहे घेऊन बाहेर आले, तर ताई कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, लॅपटॉप उघडून डायनिंग टेबलाशी बसलेल्या. पायांत चक्क बूट. "घरच्या सपाता घालून लिहिलेला अर्ज सैल होतो," त्या म्हणाल्या.

नोकरी शोधणं हीच आता नोकरी, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. नऊ ते साडेदहा अर्ज, तेही रोज तीनच. चौथ्यात चुका होतात, असा त्यांचा अनुभव. मग गच्चीत फेऱ्या मारत जुन्या ओळखीच्यांना फोन, प्रत्येकाला सात मिनिटं. सातवं मिनिट संपलं की समोरचा वाक्याच्या मध्यावर असला तरी "बरं, ठेवते" ऐकायचा. दुपारी दोन ते तीन संगणकावरची नवी प्रणाली शिकायची. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू एकदा अकरा वाजता गप्पांना आल्या, तेव्हा ताईंनी दारातच सांगितलं, "मी आत्ता ऑफिसात आहे. साडेसहाला घरी येते." आमच्या यांनी एकदा भीतभीत विचारलं, "ताई, टेबलावरचा पेपर उचलू का गं?" तर मान वर न करता उत्तर आलं, "अर्ज कर." आणि या सगळ्यावर कळस म्हणजे साडेपाच ते पावणेसहा: काळजी. ती करायला त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत. एका कंपनीचा नकार सकाळी आला, तेव्हा मी जवळ गेले, तर म्हणाल्या, "आत्ता नको गं. संध्याकाळी बघू त्याचं."

पहिला महिना आम्ही हसलो. तिसऱ्या महिन्यात कुणी हसेना. फोन वाजला की घरातले सगळे जागच्या जागी थांबायचे आणि पलीकडून कुणीतरी क्रेडिट कार्ड विकत असायचं. कुकरची शिट्टी नेमकी मुलाखतीच्या वेळी होऊ नये म्हणून मी वरण दहाच्या आत उरकू लागले. गॅलरीतली पंधरा मिनिटं हळूहळू पंचवीस झाली. ते ताईंच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे; विचारायची माझी हिंमत नव्हती.

अखेर एका बुधवारी, दुपारी तीन वाजता, चाकणच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत ठरली. व्हिडिओवर, चाळीस मिनिटांची. अडीचला ताई तयार होऊन बसल्या होत्या. तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला. सासूबाई घसरून पडल्या होत्या. हात विचित्र वळलेला, आणि उठताच येईना. हे कामासाठी नाशिकला गेलेले.

"ताई, तुम्ही मुलाखतीला बसा. मी नेते आईंना," मी म्हटलं.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग फोन उचलला. "माझी आई पडली आहे. मला तीनला येता येणार नाही. तासाभराने चालेल का, विचारून कळवा. नसेल चालत तर तसंही कळवा." आवाज अगदी सपाट. फोन ठेवून त्यांनी लॅपटॉप मिटला.

रिक्षात सासूबाई कण्हत म्हणाल्या, "अगं, तुझी आज परीक्षा होती ना?"

"पुढे ढकलली," ताई म्हणाल्या. कंपनीचा फोन आलाच नव्हता.

तो आला सव्वाचारला. सासूबाई एक्स-रेच्या खोलीत होत्या. साहेबांना आत्ताच वेळ आहे, पाच मिनिटांत जोडता का? आम्ही जिन्याकडे पळालो. ताई पायरीवर बसल्या, मी समोर फोन धरून उभी. ये-जा करणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. पलीकडच्या गृहस्थांनी विचारलं, "या वयात नवीन प्रणाली शिकणं जमेल?"

"रोज दोन ते तीन शिकतेच आहे. आज आई पडली म्हणून बुडलं."

ते हसले. आणि चित्र तिथेच गोठलं. रेंज गेली. मी फोन उंच धरला, खिडकीशी नेला, दोन मजले वर जाऊन आले. पुन्हा काही जोडलं गेलं नाही. ताई हात मांडीवर ठेवून पायरीवर तशाच बसलेल्या होत्या.

डॉक्टरांनी सांगितलं, खुबा शाबूत आहे, मनगटाला तडा गेलाय. प्लास्टर होईपर्यंत आम्ही बाकावर बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ताई, साडेपाच वाजले."

"हो का? माझी तीनपासूनच चालू आहे," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर ओढणी घेऊन रडल्या. मी त्यांना रडताना प्रथमच पाहत होते.

चाकणहून आठवड्याने दोन ओळींचा नकार आला. नोकरी लागली ती त्यानंतर, सात मिनिटांच्या कुठल्याशा फोनमधून. जुन्या सहकारी बाईंनी मांजरी गावाकडच्या एका कारखान्यात नाव सुचवलं. कोथरूडहून ते शहराचं दुसरं टोक. ताई आता पावणेसातला घर सोडतात.

परवा सकाळी मी त्यांची पिशवी घेऊन दारात उभी होते. प्लास्टरमुळे सासूबाईंना वेणी घालता येत नाही, म्हणून ताई त्यांच्यामागे कंगवा घेऊन बसल्या होत्या. सात वाजत आले.

"ताई, बस जाईल."

"जाऊ दे." केसांचा गुंता सोडवताना त्यांचा हात जरा थांबला. हलक्या आवाजात म्हणाल्या, "आईचे केस किती विरळ झालेत गं. मी घरातच होते इतके दिवस, आणि पाहिलंच नाही."