‘पण’ गाळलेला सल्ला

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला कामावरचे सगळे ‘दोनदाताई’ म्हणायचे. स्विच बंद केलास का, असं ती विचारायची. समोरचा हो म्हणाला की तिचं पुढचं वाक्य ठरलेलं असायचं, “दोनदा बघ.” या धंद्यात भित्रा माणूसच म्हातारा होतो, असं तिचं मत होतं. वीस वर्षं ती ताकही फुंकून पीत आली होती, म्हणून दहाही बोटं जागेवर होती.

तिचा धाकटा भाऊ तिच्याच हाताखाली शिकला आणि सात वर्षं तिचा जोडीदार होता. एक वर गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, एक तळाशी लिफ्टच्या खड्ड्यात, असं दोघांचं काम चालायचं. मागच्या वर्षी दोर बदलताना एक लोखंडी हूक सुटला आणि धाकट्याच्या कानाजवळून गेला. खरचटलंसुद्धा नाही. त्या दिवशी तो हसला, चहा प्यायला, घरी गेला. नंतर मात्र त्याच्या कामाला वेळ लागायला लागला. ताईच्या ते लक्षात आलं होतं. विचारलं तर तो चिडेल, म्हणून तिने विचारलं नाही.

दुपारच्या सुट्टीत डबा खाताना ताई फोनवर लिहायची. ‘रोजची ओळ’ नावाचं एक पान तिने काढलं होतं, स्वतःचं नाव न देता. घरात फक्त नवऱ्याला माहीत होतं. सुरुवातीला ती मनापासून आणि लांबलचक लिहायची. घाई करू नका, पण बसूनही राहू नका. लोकांचं ऐका, पण आपली परिस्थिती बघून ऐका. अशा एकेका पोस्टला अकरा-बारा अंगठे यायचे आणि त्यातले निम्मे नातेवाइकांचे, तेही कुणाचं लिहिणं आहे हे माहीत नसताना, केवळ तिने घरच्या ग्रुपवर टाकलं म्हणून.

एक दिवस फोनची बॅटरी संपत आली होती. “लोक काय म्हणतील याचा विचार आजपासून सोडा,” एवढं लिहून झालं होतं. पुढे ‘पण ज्यांच्याबरोबर रोज जगायचं आहे त्यांचं थोडं ऐका’ असं येणार होतं. ते लिहायच्या आत तिने घाईने पोस्ट टाकून दिली. संध्याकाळी फोन चार्ज करून बघितला तर चार हजार लोकांना ती आवडली होती.

तिथे तिला मेख कळली. ‘पण’ आला की वाचणाऱ्याला विचार करावा लागतो, हे आपल्याला लागू आहे का, हे तपासावं लागतं. ‘पण’ काढला की वाक्य कुणाच्याही अंगाला बसतं, सैल झब्ब्यासारखं. खालच्या प्रतिक्रिया वाचताना तिला आणखी गंमत कळली. वाक्य गोड असलं की प्रत्येकाला ते आपल्यासाठी लिहिलंय असं वाटायचं, आणि कडू असलं की प्रत्येकजण ते दुसऱ्याला पाठवायचा. “माझ्या नवऱ्याने हे वाचायला हवं,” असं एक बाई लिहायची. एक गृहस्थ दर सोमवारी “उद्यापासून नक्की” असं लिहायचे. वर्षभर त्यांचा उद्या काही उजाडला नव्हता. वाचलं की केल्यासारखं वाटतं, तेवढ्यावर माणूस दिवस काढतो. मग यात वाईट काय, असं ती नवऱ्याला म्हणायची. वाचून करतंय कोण?

आणि खरं सांगायचं तर तिलाही त्यात सुख होतं. घरी मुलगी म्हणायची, आई, तुझं पुन्हा सुरू झालं. कामावर लोक डोळे फिरवायचे. इथे बासष्ट हजार माणसं मान डोलावत होती.

तिची सगळ्यात गाजलेली ओळ होती, “भीती म्हणजे आपणच आपल्याला घातलेलं कुलूप. किल्ली आपल्याच खिशात आहे.” ती लिहिताना मेन स्विचला घातलेल्या कुलपाची किल्ली खरोखरच तिच्या खिशात होती. खड्ड्यात उतरायचं तर वर मेन स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली खिशात ठेवायची. म्हणजे तुम्ही खाली असताना जगात दुसरं कुणी लिफ्ट चालू करू शकत नाही. त्या किल्लीवरूनच तिला ती ओळ सुचली होती.

त्या ओळीनंतर खासगी निरोपांचा पाऊस पडला. एका दुपारी चाळीस निरोप होते. त्यातला एक कुणा वाचकाचा होता, नाव बनावट, फोटोत डोंगर. त्याने लिहिलं होतं की कुलूप घातलं की नाही हे मी दहा दहा वेळा बघतो, घातलेलं दिसतं तरी परत जाऊन बघतो. कामाला उशीर होतो, लोक हसतात, घरी सांगायची सोय नाही. काय करावं?

ताईच्या डोळ्यांसमोर घराचं दार आणि दाराशी घोटाळणारा कुणी कारकून आला. तिने एका हातात चमचा धरून लिहिलं, “स्वतःवर विश्वास ठेवा. एकदा न घालता पुढे जाऊन बघा. काहीही होत नाही.” आणि डबा धुवायला गेली. संध्याकाळी उत्तर आलं होतं, “धन्यवाद. करून बघतो.”

तो मंगळवार होता. गुरुवारी सकाळी दोघं भावंडं एका दहा मजली कचेरीच्या इमारतीत गेली. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी झिरपून तिथलं थांबवायचं बटण गंजलं होतं, ते बदलायचं होतं. ताईला तिसऱ्या मजल्यावर कामाच्या कागदावर सही घ्यायची होती. धाकटा म्हणाला, वरचं मी बघतो. तो गेला, पाच मिनिटांत जिना उतरून आला आणि म्हणाला, “केलं.”

गेल्या वर्षभरात तो इतक्या लवकर कधीच परतला नव्हता. चेहराही मोकळा होता. ‘दोनदा’ हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. पण आज कुठे याची गाडी रुळावर आली आहे, उगाच कशाला टोकायचं, म्हणून तिने तो गिळला आणि ती तिसऱ्या मजल्यावर गेली.

खाली धाकटा खड्ड्यात उतरला. तळमजल्यावर लोक जमायला लागले, लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून डोकावायला लागले. कटकट नको म्हणून त्याने आतून दार ओढून घेतलं. गंजलेलं बटण काढलं आणि तपासणीसाठी त्याच्या दोन्ही तारा तात्पुरत्या एकमेकींना जोडल्या. नुसतं दार उघडं असतं तरी लिफ्ट हलली नसती, नुसतं बटण जागेवर दाबलेलं असतं तरी हलली नसती. आता सगळा भार वरच्या कुलपावर होता.

त्या इमारतीचा वायरमन पाण्याचा पंप बघायला गच्चीवर गेला. नवव्या मजल्यावरच्या साहेबांनी लिफ्टसाठी सकाळपासून त्याचं डोकं खाल्लं होतं. मशीन रूम उघडी होती, मेन स्विच पडलेला होता. कुलूप नाही, पाटी नाही. आपोआप पडला असेल, असं समजून त्याने तो वर केला.

ताईसमोरचा कारकून कागदावर सही करत होता. तेवढ्यात भिंतीपलीकडे ब्रेक सुटल्याचा टप् आवाज झाला आणि दोर घुमायला लागला. वीस वर्षांत तो आवाज तिने हजारदा ऐकला होता, पण खाली माणूस असताना कधीच नाही. ती उठली तेव्हा खुर्ची पडली. लिफ्टच्या दारावर आकडे बदलत होते. सात. सहा. तळमजल्यावर कुणीतरी बटण दाबलं होतं.

बाहेरून दार उघडायची तिकोनी किल्ली तिच्या पट्ट्याला होती. बाहेरचं कुठलंही दार उघडलं की लिफ्ट जागच्या जागी थांबते. तिने किल्ली घातली, ती घसरली. पाच. चार. दारामागून लिफ्ट वाऱ्यासारखी खाली गेली, दाराची काच उजळली आणि परत काळी झाली. दुसऱ्यांदा किल्ली बसली. तिने सगळं बळ लावून दार ओढलं.

खाली कुठेतरी मोठा हिसका बसला आणि आवाज बंद झाला.

तिने वाकून हाक मारली. उत्तर आलं नाही. मागे आलेल्या कारकुनाला तिने सांगितलं की या दारासमोरून हलायचं नाही, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही आणि काही झालं तरी दार लावायचं नाही. त्याने मान हलवली. मग ती जिना कशी उतरली, हे तिला नंतर कधी आठवलं नाही.

तळमजल्याचं दार उघडून ती जमिनीवर पालथी पडली. लिफ्टचा तळ जमिनीपासून हातभर वर थांबला होता. खाली, कोपऱ्यात, धाकटा पाण्यात उकिडवा बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. हातातला टॉर्च पाण्यात पडून तिथेच चालू होता.

“लागलंय?”

त्याने मान हलवली. नाही. मग तो उठून त्या फटीतून बाहेर यायला धडपडायला लागला.

“बस खाली,” ती म्हणाली. “वर करंट चालू आहे. मी कुलूप घालून येते. तोपर्यंत बोटसुद्धा बाहेर काढायचं नाही.”

“ताई, मला आत्ता बाहेर काढ.”

“नाही.”

त्याच्या पिशवीत त्याचं कुलूप तसंच होतं. ते तिने तिथेच ठेवलं आणि स्वतःचं घेऊन दहा मजले चढली. मधे दोनदा कठड्याला धरून उभी राहिली. गच्चीवरचा वायरमन काहीतरी समजावायला लागला, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. स्विच पाडला, कुलूप घातलं, ओढून बघितलं, परत ओढलं आणि खाली निघाली. तेवढा वेळ धाकटा त्या लोखंडी छताखाली बसून होता. मग ताईने हात देऊन त्याला बाहेर काढलं.

दोघं जिन्याच्या पायरीवर बसली. तिने कुलपाबद्दल विचारलं नाही. तोच बोलला. विसरलो नव्हतो, म्हणाला, मुद्दाम घातलं नाही. तो हूक सुटल्यापासून दहा दहा वेळा बघितल्याशिवाय पाय खाली जात नव्हता. तुला काय सांगणार? म्हणून एका ठिकाणी विचारलं, त्यांनी एकदा न घालता बघायला सांगितलं.

त्याने फोन पुढे केला. डोंगराचा फोटो, त्याखाली त्याचा प्रश्न आणि त्याखाली तिचं उत्तर.

आपलंच वाक्य परक्याच्या हस्ताक्षरात भेटावं तसं ते तिने तीनदा वाचलं. गप्प राहता आलं असतं. त्याला कधीच कळलं नसतं.

“हे मी लिहिलंय,” ती म्हणाली. “ते पान माझं आहे.”



“तू तर रोज दोनदा बघायला सांगतेस,” तो म्हणाला.

“ते तुला सांगते. हे लोकांना.”

त्याने फोन तिच्या हातातून काढून घेतला आणि ओल्या कपड्यांनी, एकटाच, घरी निघून गेला.

अपघात टळला तरी अहवाल द्यावा लागतो. ताईने सगळं लिहिलं, पानाचंही. कंपनीतल्या साहेबांनी तेवढा परिच्छेद खोडला. फोनवरचं फोनवर राहू द्या, म्हणाले, कंपनीला त्याचं काय? धाकट्याला दोन महिने घरी बसवलं, पुन्हा शिक्षण आणि डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं. तिला लेखी ताकीद मिळाली. भावजयीने तिच्याशी बोलणं टाकलं, आणि त्यात भावजयीची चूक होती असं ताईला कधी वाटलं नाही.

पानावर तिने जे घडलं ते लिहिलं, सगळे ‘पण’ ठेवून. लांबलचक झालं. दीडशे लोकांना आवडलं, तीन हजार पान सोडून गेले. नकारात्मकता पसरवू नका, असं एकाने बजावलं. कुलपाची ओळ तिने पुसून टाकली, पण ती केव्हाच तिच्या हातची राहिली नव्हती. सूर्योदयाच्या चित्रावर, कुणा भलत्याच्याच नावाने, ती रोज कुठून ना कुठून परत येत होती. एकदा तर मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर आली. खाली सतरा जणांनी हात जोडले होते.

दोन महिन्यांनी धाकटा कामावर परतला. जोडीदार दुसरा द्या, असं त्याने स्वतःच मागून घेतलं होतं. डॉक्टरकडे जातो, झोप लागते, एवढं तिला नवऱ्याकडून कळलं. एका रविवारी मात्र तो न कळवता घरी आला, स्वयंपाकघरात टेबलाशी बसला आणि त्याने विचारलं, “असं आणखी किती जणांना सांगितलंस?”

तिला माहीत नव्हतं. दोघांनी मिळून मोजले तर तीनशेच्या वर निरोप निघाले. नोकरी सोडू का, आईशी बोलणं बंद करू का, गोळ्या थांबवू का. प्रत्येकाखाली तिची एकेक ओळ, ठसठशीत, खात्रीची. गोळ्यांचा निरोप वाचून धाकट्याने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग परत आला आणि म्हणाला, “याला आधी लिही.”

त्या दुपारपासून ती एकेकाला लिहायला लागली. मी तुम्हाला न ओळखता सल्ला दिला होता, तुम्ही काय केलंत, आता कसे आहात? बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. काहींना आपण काय विचारलं होतं हेच आठवत नव्हतं. एका बाईने लिहिलं की तुमच्यामुळे मी ते घर सोडलं आणि आज सुखात आहे. ते वाचून ताईला बरं वाटायला हवं होतं. तिने फक्त त्या बाईच्या नावापुढे खूण केली.

गोळ्यांबद्दल विचारणाऱ्याला तिने चार वेळा लिहिलं आहे. त्याने अजून निरोप उघडलेला नाही.