मावशीनं मोडलेली एकुलती एक सोयरीक

आमच्या मावशीनं मनात आणलं असतं तर तिनं माळशेज घाटाचंसुद्धा लग्न लावून दिलं असतं, आणि घाटानं मुकाट्यानं मान पुढे केली असती. टोकावड्याची ही मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. शहापूर-मुरबाडातल्या निम्म्या सोयरिकी तिनं जमवलेल्या. स्थळ बघायला गेली की नवऱ्या मुलाकडे ती ढुंकूनही पाहत नसे. थेट परसात जायची, विहिरीत डोकवायची, चुलीवरच्या भाताचं झाकण उचलायची. वैशाखऱ्याला एकदा मुलाच्या आईनं शिजवलेला भात चाखून ती सगळ्यांदेखत म्हणाली, "भात कच्चा हाय. हितं पोरगी उपाशी मरंल," आणि चहा न घेता उठली. पण एकदा सुपारी दिली की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ती मागे हटत नसे. तिनं जमवलेलं लग्न मोडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्याचा तिला भारी तोरा होता.

मी मॅट्रिकला बसणार म्हटल्यावर तिनं माझंही स्थळ शोधलं. कुठलं? तर मुंबईचं मुलींचं कॉलेज! आमच्याकडे तोवर मुलगी सातवीपुढे गेली नव्हती. मावशीनं मला बरोबर घेऊन वसतिगृह गाठलं, नळ सोडून पाहिला, वरणात डाव घालून ते ढवळलं. तिथल्या मुख्य बाई कौतुकानं म्हणाल्या, "निकालाआधीच जागा राखून ठेवते. पण मग मुलगी इथंच आली पाहिजे, दुसरीकडे अर्ज करायचा नाही." मावशीनं कनवटीची सुपारी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "पोरगी तुमची झाली," म्हणाली. परतताना मी वाटभर हसत होते.

एवढं सगळं पाहिलं, पण खर्च किती ते मावशीनं विचारलंच नाही! मुलीकडच्यांनी देण्याघेण्याची गोष्ट आधी काढायची नाही, मागणी वरपक्षानं करायची, ही तिची जन्माची शिस्त. वरपक्षानं काही मागितलं नाही, तेव्हा तिला वाटलं माणसं देवासारखी आहेत. निकाल लागला, मी पास झाले, आणि फी, खाणावळ, गादी, ट्रंक असं सगळं कॉलेजनं कळवलं. वडील म्हणाले, "ओढ्याकडचं शेत काढू." मावशी ताडकन उठली. "दाजी, बापाचं शेत इकून मी आजवर एक पोरगी दिली नाय. ही बी देनार नाय!" मी जेवण टाकलं. "रड गो बाय, पोटभर रड," ती म्हणाली, "मंग तोंड धू. आपल्याला जायाचंय."

सोयरीक मोडायची तर निरोप धाडायचा नसतो, स्वतः जाऊन सांगायचं असतं. बाईंच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर मावशी उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. "बाई, सोयरीक मोडाया आले. आमची ऐपत नाय. दोष पोरीत नाय, तुमच्यात बी नाय. मी इचारलं नाय, ही माजी चूक. येवढंच सांगा, पोरगी तुमाला पसंत हुती ना? सोयरीक मोडली का लोक पोरीलाच नावं ठेवतात." बाईंनी चष्मा काढून पुसला. "फार पसंत होती हो," म्हणाल्या, आणि खणातली सुपारी आणून तिच्या हातावर ठेवली. मग त्यांनीच सांगितलं, की मास्तरणीच्या ट्रेनिंगला मुलींना विद्यावेतन मिळतं. मावशीचे डोळे चमकले. "म्हंजे नवराच हुंडा देतो? मंग ठरलं, हेच स्थळ!"

झाले मी मास्तरीण. मावशीनं मात्र त्यानंतर एकही लग्न जमवलं नाही. लोक दाराशी येत, विनवण्या करत. ती म्हणे, "शब्द मोडलेल्या बाईची सुपारी घिऊ नका." माझ्या लग्नातसुद्धा ती मागे, बायकांच्या घोळक्यात बसून राहिली. अंतरपाटाआडून ती दिसेना, तेव्हा मी टाचा उंचावून तिला शोधत राहिले.

पुढं शाळा सांभाळून, बाहेरून परीक्षा देत देत मी बी.ए. झाले. पेढे घेऊन टोकावड्याला गेले. मावशीनं पेढ्यांकडे पाहिलंही नाही. देव्हाऱ्यातून तीच सुपारी काढली, उंबऱ्यावर बसून अडकित्त्यात फोडली आणि अर्धी मला दिली. "जमली गो बाय सोयरीक," म्हणाली. तिच्या तोंडात तेव्हा एकही दात उरला नव्हता. आपला तुकडा गालात धरून ती संध्याकाळपर्यंत तशीच बसून होती.