एक ओंजळ अळ्या

शेडमागच्या लाकडी पेटीत भाजीचा कचरा कुजत असतो. त्यात वाढलेल्या अळ्या पुरत्या मोठ्या झाल्या की खाणं सोडतात आणि माशी होण्यासाठी कोरडी, अंधारी जागा शोधत वर चढू लागतात. म्हणूनच पेटीला एक तिरकी फळी लावलेली आहे. फळी संपते तिथे खाली बादली आहे.

सुमनताई ती बादली ब्रॉयलर कोंबड्यांपुढे ओततात, सोबत लसूणघासाचा चिरलेला हिरवा चारा. गेल्या खेपेला कोंबड्यांची झुंबड पाहून त्यांनी हौसेने सगळ्याच अळ्या ओतल्या. मग माश्या झाल्या नाहीत, पेटीत त्यांची अंडी पडली नाहीत, पेटी रिकामी राहिली. पुन्हा तसं झालं तर पेटी मोडायची, असं घरात ठरलं आहे.

"घरातल्या माश्या हाकलायच्या आणि इथल्या सांभाळायच्या," घास चिरत बसलेले त्यांचे यजमान म्हणाले.

"तुम्ही बोटं सांभाळा."

सुमनताईंनी बादलीतून एक ओंजळ अळ्या काढून कोरड्या भुशात सोडल्या.

"कोणत्या ठेवायच्या, हे कसं ठरवता?" बाजूला उभं राहून पाहताना मी त्यांना विचारलं.

"हाताला येतील त्या."

उत्तर सरळ होतं, तरी ते माझ्या मनातून जाईना. फळीवर सगळ्या सारख्याच घाईने चढत होत्या. बादली आणि भुसा यांत एका हाताचं अंतर होतं, आणि तो हात कुणालाच ओळखत नव्हता.

सुमनताई भुशातल्या एवढ्याशा अळ्यांकडे पाहत उभ्याच राहिल्या. बादली उचलवेना.

"आणखी एक ओंजळ काढ," मान वर न करता यजमान म्हणाले.