बाईंचा वाटा

ऑफिसात वाढदिवसाचा केक कापला रे कापला की आमच्या बाई ओरडायच्या, "थांबा! आधी एकानं पाठ फिरवा!" मग एकजण भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. बाई एकेका तुकड्यावर बोट ठेवून विचारायच्या, "हा कुणाचा?" तो न बघता नावं घ्यायचा. क्रीमचं फूल शिपायाला गेलं आणि साहेबांना नुसता पाव आला, तरी बोलायची सोय नाही!

ही पद्धत त्यांनी कोलकात्याजवळ, बजबजच्या पुढच्या एका गावातून उचलली होती. सॉल्ट लेकच्या आमच्या संस्थेत त्या गावाचं काम बाईंकडे होतं आणि मी त्यांच्या हाताखाली. तिथलं मोठं तळं आणि काठची जमीन सगळ्या गावाच्या सामाईक मालकीची. जाळं ओढलं की घराघराचे माशांचे ढीग लावायचे आणि एकानं पाठ फिरवून नावं घ्यायची. त्यात एक ढीग बाईंचा. आता बाई पडल्या सदाशिव पेठेतल्या, अंडंसुद्धा न खाणाऱ्या! पण नाकाला पदर लावून ढीग घ्यायच्याच. "खात नाही म्हणून हक्क सोडू की काय?" असं म्हणून पिशवी माझ्या हातात. मी मालवणची, माझी चंगळ.

मग एक बिल्डर उगवला. रस्त्याकडच्या काठावर त्याला बंगले बांधायचे होते. निम्मं गाव म्हणायला लागलं, "आमचा हिस्सा तोडून द्या, आम्ही विकतो." माझ्या तोंडचं पाणीच पळालं. एकदा तुकडे पडले की तळंही गेलं आणि काठावरचे भाजीचे मळेही गेले. बाई मात्र सभेत आपल्या दिव्य बंगालीत म्हणाल्या, "करू या की वाटणी! पण आपल्या पद्धतीनं, पाठ फिरवून. रस्त्याकडचा तुकडा कुणाला आणि मधलं खोल पाणी कुणाला, ते नशीब ठरवेल."

अहो, तिथंच सगळं फिरलं! ज्याच्या त्याच्या मनात रस्त्याकडचाच तुकडा होता ना. सगळ्यात मोठ्यानं हिस्सा मागणारा सगळ्यात आधी खाली बसला. तळं अख्खं राहिलं.

बाई निवृत्त होऊन पुण्याला गेल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या. यंदा जाळं ओढलं तेव्हा मी एकटीच गेले होते. पाठ फिरवून बसलेल्या म्हाताऱ्यानं शेवटच्या ढिगाला नाव घेतलं, "दीदी."

मी कसंबसं म्हटलं, "दादा, दीदी आता नाहीत हो."

तो वळलासुद्धा नाही. "आधी तरी कुठे खायच्या? म्हणून हक्क सोडला होता का?"

मला रडूच फुटलं. नाकाला पदर लावून मी पिशवी पुढे केली.