तुटक निळी रेघ

चिखलीतल्या माझ्या भंगाराच्या दुकानात तो म्हातारा एकदाच आला. रद्दीतला जुना नकाशा रुमालाने पुसून त्याने घनदाट जंगलातल्या एका तळ्यावर नख टेकवलं.

“तुटक रेघ म्हणजे उन्हाळ्यात आटणारं तळं. ही मी काढलेली, सर्व्हे खात्यात असताना.”

माझं डोकं फिरलं. “तुमच्यासारख्याच एकानं कुरुळीतली आमची बागायत पडीक लिहिली, बाबा! कंपनीला मातीमोल गेली.”

तो रेघेकडेच बघत होता. “तळं आटत नव्हतं हो, नंतर कळलं. मला ताप होता, मी तिथवर पोचलोच नाही.”

माझ्याकडून निळं पेन मागून त्याने ती रेघ सलग केली आणि नकाशा परत रद्दीत ठेवला.

आमचं शेत पडीक लिहिणारा मात्र अजून आलेला नाही.