सातव्या मजल्यावरची बैठक

उषाताई आरोंदेकर यांची आणि माझी पहिली भेट अंधेरीतल्या एका बैठकीत झाली. शहराचे कार्बन उत्सर्जन घटवण्याचा आराखडा करणाऱ्या समितीत त्या विकासाच्या अर्थशास्त्राच्या तज्ज्ञ होत्या. मी विजेची आकडेमोड करणारा नवखा अभियंता. माझ्या तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "ही बचत कुणाच्या पायांवर केलीत?"

खाडीकाठची घरे पाडून चारकोपच्या पुनर्वसन इमारतींत आणलेल्या कुटुंबांची लिफ्ट दिवसभर बंद ठेवायची आणि वाचलेली वीज हवामानरक्षणाचे काम म्हणून अहवालात दाखवायची, अशी ती ओळ होती; चारकोपला तिची अंमलबजावणी सुरूही झाली होती. कल्पना परदेशी सल्लागारांची, मान्यता आपल्या अधिकाऱ्यांची, तक्ता माझा. आम्ही बसलो होतो त्या दालनात एसीने बोटे गारठत होती.

उषाताई आवाज चढवत नाहीत. पुढची बैठक चारकोपला सातव्या मजल्यावर घ्या, नाहीतर मी सही करणार नाही, असे त्यांनी लेखी कळवले. बैठकीच्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या सर्वांच्या पुढे जिना चढल्या. आमचे अध्यक्ष चौथ्या मजल्यावर पायरीवरच बसले.

वर सुनंदा राऊळ यांच्या घरी आम्ही टेकलो. त्यांचे सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. दवाखान्यात न्यायचे तर शेजारी त्यांना खुर्चीसकट उचलून उतरवत. सुनंदाताई म्हणाल्या, "आमका सांगतत, पृथ्वी वाचवूक होई. बरा. मगे आमी खंय रवतव, चंद्रार?"

"थोडा त्याग सगळ्यांनाच करावा लागतो," मागाहून पोहोचलेले अध्यक्ष म्हणाले.

"मग तुमच्या इमारतीपासून सुरुवात करू या," उषाताई म्हणाल्या. "तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?"

अध्यक्षांनी सुनंदाताईंकडे पाणी मागितले.

उत्सर्जन घटवायलाच हवे, हे उषाताईंनी घाटकोपरच्या महाविद्यालयात जन्मभर शिकवले. पण ज्याने हवा बिघडवली नाही त्याच्याच घरातले बटण आधी बंद करायचे, याला त्या धोरण म्हणत नाहीत. मी तर याला निर्लज्जपणा म्हणतो.

आठवड्याभरात लिफ्ट सुरू झाली. अहवाल मात्र त्या ओळीसकट छापला गेला आणि न झालेल्या बचतीबद्दल समितीचे कौतुकही झाले. उषाताईंचे विरोधी टिपण वगळले गेले, आणि पुढच्या समितीतून त्यांचे नावही. त्या अहवालावर माझी सही आहे. उषाताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात हे लिहिताना लाज वाटते. न लिहिणे त्याहून लाजिरवाणे ठरेल.

सही केल्याचे सांगायला मी त्यांच्या मुलुंडच्या घरी गेलो. त्यांनी चहा पुढे ठेवला. "सही केलीस, ती आता पुसता येणार नाही. काम तरी नीट शीक. रविवारी येत जा."

वर्षभराच्या रविवारांतून आमची योजना तयार झाली: गच्चीवर सौर पॅनेल बसवून त्याच इमारतींच्या लिफ्ट आणि पाण्याचे पंप चालवायचे. माणसांची सोय होते आणि उत्सर्जनही घटते. ती फाइल आजही 'विचाराधीन' आहे. पंचाहत्तरीच्या समारंभात उषाताईंना शाल पांघरवायला ती फाइल अडवणारेच काही जण येणार आहेत, असे कळते. त्यांनी खुशाल यावे. येताना मंजुरीचा कागद आणावा.

उषाताईंना उत्तम आरोग्य लाभो, त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, त्यांनी शंभरी पाहावी. ही इच्छा निव्वळ आदरापोटी नाही. त्यांच्यासमोर खोटे बोलायला आम्ही अजून घाबरतो, म्हणून त्या आम्हाला हव्या आहेत.